एलिचपूरचा रुपया

आमच्या घरात रागवायचा हक्क एकट्या बाबांना होता आणि बाबा कधीच रागवत नसत. गिऱ्हाईक दोन तास बसून, चहा पिऊन, पाच जोड पैंजण उलटेपालटे करून 'पाहतो मंग' म्हणत उठलं तरी बाबा हात जोडून 'या बरं' म्हणायचे. शेजारच्या मोठ्या पेढीवाल्यानं आमच्या दारापुढे गाडी लावली, तर बाबा स्वतःच्याच दुकानाच्या पायरीवर अंग चोरून चढायचे. त्यामुळे घरातला सगळा राग माझ्या वाट्याला आला असावा. आई म्हणायची, ही पोट्टी जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली. हे प्रकरण त्याच रागाचं आहे. इतक्या वर्षांत तो निवला असेल असं मला वाटत होतं. लिहायला बसले आणि पहिल्याच पानावर अक्षर तिरकं जायला लागलं.

रिसोडला सराफ्याच्या ओळीत आमचं दुकान पुढे होतं आणि घर मागे. मध्ये एक पडदा, कधीकाळी हिरवा असलेला. त्या पडद्यातून सकाळपासून आवाज आत यायचे: हातोडीचा टिकटिक, फुंकणीचा फूंऽऽ, चांदीची तार ओढताना होणारी बारीक किर्र, चांदी वितळवायची मूस पाण्याजवळ ठेवताना बाबांचं 'सरक, सरक'. उलट्या बाजूनं आमच्या घरातले वास दुकानात जायचे. आई मिरचीची भाजी फोडणीला टाकायची तेव्हा बसलेली गिऱ्हाइकं खोकत खोकत हसायची आणि म्हणायची, 'सोनारबुवा, आज जेवूनच जातो.' हिवाळ्यात रविवारी मागच्या अंगणात गोवऱ्यांवर रोडगे भाजले जायचे. वांग्याच्या भाजीत कुस्करून, वर तुपाची धार. बाबा जेवताना बोलत नसत. पण जेवण झाल्यावर ताटातच हात धुऊन ते एकदा नखं बघायचे. आयुष्यभर चांदी घासून त्यांच्या नखांच्या कडा काळ्या झाल्या होत्या, आणि त्याची त्यांना लाज वाटे. चारचौघांत ते मुठी मिटून बसायचे.

दुकानात मोड यायची. तुटके पैंजण, झिजलेले जोडवे, वाकलेली आंघोळीची चांदीची वाटी, आणि जुने रुपये. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायांकडे रुपयांच्या माळा असत. लग्नात सासूनं घातलेल्या, प्रत्येक रुपयाला कडी जोडलेल्या. सासू गेली, सून गेली, नातसुनेला माळ जड वाटते, मग ती पिशवीतून आमच्याकडे. बाबा वजन करायचे, भाव लावायचे आणि संध्याकाळपर्यंत तो सगळा ऐवज मुशीत जायचा. मी बारा वर्षांची असताना एकदा शेगडीजवळ बसले होते. मुशीत टाकायच्या ढिगात एक रुपया इतरांसारखा नव्हता. त्यावर राणीचं तोंड नव्हतं, इंग्रजी आकडा नव्हता. जाड, वेडावाकडा गोल, आणि त्यावर वेलीसारखी अक्षरं, अर्धी नाण्यावर आणि अर्धी नाण्याच्या बाहेर सांडून गेलेली.

'बाबा, हा नोका टाकू.'

'काहून?'

'यावर लिहेल हाय.'

'चांदीवर लिहेल असो का नसो, चांदी चांदीच असते बाई. त्या गिऱ्हाइकाचे वाळे करायचे हायेत. वजन कमी कसं चालन?'

मी माझ्या पायातले पैंजण काढले. दिवाळीत बाबांनीच केले होते, घुंगरांचे. ते तराजूत टाकले. बाबांनी आधी रुपयाचं वजन केलं. मग त्यांनी कात्रीनं एका पैंजणाचा रुपयाच्या वजनाएवढा तुकडा कापला, तो मुशीत टाकला आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. 'चांदीच्या बदली चांदी,' म्हणाले, 'हिशोब झाला.' आईनं त्या रात्री मला जेवायला वाढलं नाही. पुढच्या चार वर्षांत दोन्ही पैंजण असेच तुकड्या-तुकड्यानं संपले, आणि माझ्याकडे बिस्किटाच्या डब्यात सतरा नाणी झाली.

त्या नाण्यांवर काय लिहिलंय हे मला कादरसरांनी शिकवलं. सर उर्दू शाळेतून निवृत्त झाले होते, मशिदीच्या मागच्या गल्लीत राहायचे. बायकोची कानातली दुरुस्त करायला ते दुकानात आले आणि मी त्यांच्यापुढे डबा उघडला. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, नाणं डोळ्याला जवळजवळ चिकटवलं. 'बेटा, हे पाय. ज़र्ब. म्हंजे ठोकलं, पाडलं. याच्या पुढं जे लिहेल असते ते गावाचं नाव. कुठच्या टांकसाळीत पाडलं ते.' त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे जायचे. त्यांची बेगम शेवयांची खीर द्यायची आणि सर मला फारसी आकडे गिरवायला लावायचे. बुऱ्हाणपूर कसं लिहितात, बाळापूर कसं, औरंगाबाद कसं. अर्धवट अक्षरावरून पूर्ण नाव ओळखायची मला अशी सवय लागली की पुढे कॉलेजात फळ्यावरचं अर्धं पुसलेलंही मी बरोबर वाचायचे.

कॉलेजला वाशीमला जायला लागले तेव्हा बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत मला नाण्यांच्या ऑनलाइन लिलावाचा शोध लागला. तिथल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या डब्यातल्यासारखी नाणी होती, खाली वजन, टांकसाळ, दर्जा, सुरुवातीची बोली, आणि उलट्या धावणाऱ्या वेळेचे आकडे. पहिले दोन महिने मी नुसती बघत होते. कोणतं नाणं कितीला सुरू झालं, कितीला गेलं, हे वहीत लिहायचे. शेवटच्या मिनिटापर्यंत गप्प बसलेले लोक शेवटच्या दहा सेकंदांत कसे तुटून पडतात हे पाहिलं. तोच रुपया, पण अक्षरं पूर्ण असली तर तिप्पट किंमत, आणि कडी जोडून काढल्याचा डाग असला तर निम्मी, हे कळलं. नाणं कधीही घासून चकचकीत करायचं नाही हे कळलं तेव्हा मला घेरी आली, कारण मी डबाभर नाणी चिंच लावून घासली होती. मग फोटो स्टुडिओवाल्याच्या पाया पडून त्याचा कॅमेरा उसना घेतला आणि दोन साधी नाणी विकायला टाकली. दोन्ही गेली. पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये नाणं बसवून, वरून कापड शिवून, मी रिसोडच्या पोस्टात उभी राहिले तेव्हा तिकीटवाल्या बाबूनं विचारलं, 'याच्यात काय हाय?' मी म्हटलं, 'इतिहास.' इतका शहाणपणा होता माझ्यात तेव्हा. आज आठवलं की लाजल्यासारखं होतं.

आता लोक मोबाईलवर व्हिडिओ बघून ट्रॅक्टरचं चित्र असलेली पाचची नोट घेऊन माझ्याकडे येतात आणि लाखाच्या खाली बोलत नाहीत. परवा शेलूबाजारहून एक जण आला. एका साध्या दोनच्या नाण्याचे अकरा लाख मिळतील म्हणून फोनवरच्या भामट्याला त्यानं आधीच 'नोंदणी फी' भरली होती. मी त्याला खरं सांगितलं तर तो माझ्यावरच चिडला. नाण्यांच्या धंद्यात खोटं सांगणाऱ्यावर कोणी चिडत नाही, ही गोष्ट मला फार लवकर शिकवली गेली. ती कशी, तेच सांगते.

मी बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. जऊळक्याच्या जनाबाई म्हणून एक साठीतली बाई दुकानात आली. तिची लेक रिसोडला दिली होती, तिला मुलगी झाली होती. नातीच्या पायात वाळे घालायचे म्हणून सासूची माळ मोडायला आणली होती. माळेतले आठ रुपये राणीचे आणि राजाचे. पण पदराच्या गाठीत बांधलेला एक नववा होता, त्याला कडी नव्हती. 'सासू याले देवात ठेवत होती,' ती म्हणाली, 'टाका याले बी.' मी पडद्यामागून बाहेर आले. नाणं हातात घेतलं. एलिचपूर. हे नाव मी सरांच्या वहीत शंभर वेळा लिहिलं होतं. आजचं अचलपूर, वऱ्हाडाची जुनी राजधानी. पण बादशहाचं नाव मला ओळखू येईना. मी जनाबाईंना म्हटलं, 'मावशी, हा आज मोडू नोका. मले दोन दिवस द्या.' कादरसरांनी ते नाणं पाहिलं आणि खिरीची वाटी बाजूला सारली. काही महिनेच गादीवर टिकलेला बादशहा. त्याच्या नावानं एलिचपूरला पाडलेला रुपया सरांनी उभ्या आयुष्यात पुस्तकातही पाहिला नव्हता.

मी जनाबाईंना खरं ते सांगितलं. हे नाणं विकलं तर जे येईल त्यातलं अर्धं तुमचं, अर्धं माझं. मागे एकदा ही गोष्ट ऐकून माझ्या मुलीनं, ती आता बारा वर्षांची आहे, मला विचारलं, 'अर्धंच काहून? नाणं तं तिचं होतं.' मी म्हटलं, ओळखलं मी. ती म्हणाली, 'म्हणून?' पण तेव्हा आमच्या ओळीत जुन्या रुपयाला चांदीच्या भावापलीकडे कोणी कवडी देत नव्हतं, आणि जनाबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली होती.

इतकं मोठं नाणं मी एकटीनं विकायला घाबरले. औरंगाबादला तेव्हा नाण्यांचा ऑनलाइन लिलाव करणारी एक कंपनी होती. नाव लिहीत नाही. अजून आहे, आणि चांगली चालते. मी फोटो पाठवले. दोन तासांत फोन आला. साबणीस नावाचे व्यवस्थापक होते, फार गोड बोलायचे. 'बाळ, नाणं प्रत्यक्ष पाहावं लागेल. पाठवून दे.' पाठवायच्या आधी मी बाबांच्या काट्यावर वजन केलं: अकरा ग्रॅम बेचाळीस. काट्याच्या आकड्यासकट नाण्याचा फोटो काढला. का काढला, माहीत नाही. सोनाराची मुलगी म्हणून असेल.

महिन्यानं साबणीसांचा फोन आला. 'सॉरी बाळ. नकली आहे. साच्यात ओतलेलं. हल्ली फार येतात अशी. परत पाठवतोय.' पार्सल आलं ते मी दुकानातच फोडलं. तीच अक्षरं, तोच वाकडा गोल, पूर्वीच्या सराफानं पारखून कडेला ठोकलेली तीच खूण. पण हातात घेतलं आणि माझ्या बोटांना कळलं. काट्यावर टाकलं: दहा ग्रॅम सत्त्याऐंशी. माझ्याच रुपयाचा साचा करून ओतलेली नक्कल मला पाठवली होती.

'बाबा,' मी ओरडले, 'यायनं नाणं बदललं!'

बाबांनी ते घेतलं. ऐरणीवर एकदा टाकलं. एकदाच. आवाज ठस्स आला. त्यांनी ते पटकन उचलून माझ्या हातात दिलं आणि फुंकणी तोंडाला लावली. मग फुंकणी काढून म्हणाले, 'तुही नजर चुकली असन पोरी. पहिलेपासून असंच असन.'

'आन वजन?'

'त्या दिवशी काटा हालला असन.'

बाबांचा काटा कधी हलत नसे. अख्ख्या ओळीत लोक त्या काट्यावर विश्वास ठेवून यायचे. पण बाबा म्हणाले म्हणून मी गप्प बसले, स्वतःवर शंका घेतली, आणि जऊळक्याला जाऊन जनाबाईंना सांगितलं की मावशी, नाणं खोटं निघालं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, त्याहून वाईट. 'माह्या सासूनं पन्नास वर्सं देवात खोटं ठेवलं व्हतं का?' त्या म्हणाल्या. मग नक्कल हातात घेऊन म्हणाल्या, 'हा तं तो न्हाय. तुमी सोनार लोक लय हुशार राह्यता, माय. जाय.' पाण्याचा तांब्या पुढे ठेवला होता, तो उचलून आत नेला. मी तशीच तहानलेली परत आले. जीपमध्ये शेजारच्या बाईनं विचारलं, पोरी काहून रडून राह्यली. मी रडत नव्हते, मी दात खात होते.

चार महिन्यांनी मी सवयीनं त्या कंपनीच्या पुढच्या लिलावाची यादी उघडली. नाणं क्रमांक एकशे बारा. एलिचपूर टांकसाळ, अतिदुर्मीळ. सराफाची खूण कडेला. वजन अकरा ग्रॅम बेचाळीस. सुरुवातीची बोली पंचाहत्तर हजार. मी सायबर कॅफेत उभी राहिले आणि इतक्या मोठ्यानं काहीतरी बोलले की मालकानं येऊन पंखा बंद पडलाय का विचारलं. मी त्या पानाची छापील प्रत काढली, बस पकडली आणि दुकानात येऊन ती बाबांच्या मांडीवर टाकली.

बाबांनी वाचलं. हातातला चिमटा खाली ठेवला. मुठी मिटल्या. म्हणाले, 'मले त्याच दिवशी समजलं व्हतं.'

मी ऐकलं ते मला खरं वाटेना. 'काय समजलं व्हतं?'

'आवाज आयकला नं मी. चाळीस वर्सं चांदी वाजवतो. मले नाही समजन का?'

'मंग मले काहून म्हटलं नजर चुकली?'

'मोठ्या लोकाशी कोणं भांडावं बापा. पोलीस, कोर्ट. पोरीचं नाव चार जागी घेतल्या जाते. कायले पाह्यजे?'

त्या क्षणाला मला साबणीसचा जेवढा राग आला नव्हता तेवढा बाबांचा आला. साबणीस चोर होता, त्यानं चोरी केली. पण माझ्या बापानं, ज्याच्या मांडीवर बसून मी चांदी वाजवायला शिकले, त्यानं माझेच कान खोटे ठरवले. चार महिने मी स्वतःला मूर्ख समजत होते. एका म्हातारीच्या दारातून चोर ठरून परत आले होते. मी बाबांना त्या दिवशी जे बोलले ते इथे सगळं लिहिणार नाही. आई पडद्यातून बाहेर आली, कणकेचे हात तसेच. मला वाटलं ती मला गप्प करणार. पण तिनं बाबांना सांगितलं, 'उद्या हिच्या संग औरंगाबादले जा.'

गेलो. रिसोडहून लोणार, मंठा, जालना, दिवसभराचा प्रवास. बाबांनी लग्नाकार्याचा पांढरा सदरा घातला होता. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या हॉलमध्ये नाणी पाहायला ठेवली होती. लिलाव ऑनलाइन असला तरी मोठे संग्राहक आधी येऊन हातात घेऊन बघायचे. मखमलीची टेबलं, दिवे, भिंगं, दहाबारा पुरुष. मी एकशे बारा नंबर मागितला. टेबलामागच्या पोरीनं ट्रे पुढे केला. मी प्लॅस्टिकच्या पाकिटातून नाणं काढलं, ती 'मॅडम, नाही' म्हणेपर्यंत बोटाच्या टोकावर तोललं आणि टिचकी मारली. आवाज निघाला. बारीक, लांब, विझायला वेळ घेणारा. मग पर्समधून नक्कल काढली आणि तीही वाजवली. ठस्स. खिडकीपाशी बसलेले एक वयस्क गृहस्थ उठून आले. म्हणाले, 'परत वाजवा.' मी परत वाजवली, आणि मग मोठ्यानं सगळं सांगितलं. कुठून आलं, किती भरलं, काय परत मिळालं. माझा आवाज चिरकत होता. काट्याचा फोटो मी त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्या गृहस्थांनी यादीतलं वजन बघितलं, फोटोतला आकडा बघितला, आणि आपली टोपी घालून निघून गेले. एक अक्षर बोलले नाहीत. मला त्यांचाही राग आहे.

साबणीसांनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं. चहा मागवला. 'गैरसमज झालाय काका,' ते मला सोडून बाबांशी बोलले. 'तुमचं नाणं तुम्ही घेऊन जा. फक्त यावर सही करा.' कागदावर लिहिलं होतं की आम्हीच दोन नाणी पाठवली होती, एक खरं आणि एक नकली, आमच्याकडून सांगायचं राहिलं, कंपनीची काही चूक नाही. मी म्हटलं, हे खोटं आहे, सही होणार नाही. साबणीस हसले. 'मग काका, एक विचारतो. एवढं जुनं नाणं तुम्ही कोणाकडून घेतलंत? पावती आहे? जमिनीत सापडलेलं असलं तर सरकारजमा होतं, माहीत असेल तुम्हाला. त्या बाईकडे पोलीस जातील. तुमच्या दुकानात जातील.'

बाबांनी पेन घेतलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझा हात बाजूला केला, हळूच, जसं तराजूवरून माशी बाजूला करावी तसं, आणि सही केली. मग नाणं घेऊन माझ्या तळहातावर ठेवलं.

मंठ्यापर्यंत मी बोलले नाही. मंठ्याला बस थांबली. बाबांनी भजी आणली, मी घेतली नाहीत. ते म्हणाले, 'तुले नाणं पाह्यजे व्हतं म्हणून सई केली.'

'मले नाणं नव्हतं पाह्यजे, बाबा.'

'मंग काय पाह्यजे व्हतं?'

मी खिडकीबाहेर बघत बसले. जे हवं होतं ते माझ्या बापाला कळत नसेल तर मी ते बसमध्ये ओरडून सांगणार नव्हते. त्यानंतर पाच महिने मी बाबांशी बोलले नाही. एका घरात, एका पडद्याच्या दोन बाजूंना. जेवण मी चुलीपाशीच उरकायचे.

जऊळक्याला जाऊन मी खरं नाणं जनाबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पदरानं पुसलं, बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, 'हा व्हय.' मी त्यांना सगळं सांगितलं, बाबांच्या सहीसकट. तांब्या पुढे आला. 'आता ठेवून मी काय करू? इक,' त्या म्हणाल्या, 'लेकीन झाकून नोको इकू. सांगून इक.'

म्हणून मी ते दुसऱ्या एका लिलावाच्या साइटवर टाकलं आणि खाली काय घडलं ते सगळं लिहिलं, फोटोंसकट, दोन्ही वजनांसकट. संग्राहकांच्या गटांत ते फिरलं. आठव्या दिवशी नोटीस आली, माझ्या आणि बाबांच्या नावानं. कंपनीची बदनामी, भरपाई, आणि सोबत बाबांच्या सहीच्या कागदाची प्रत. साइटवाल्यांनी कळवलं की खुलासा आला नाही तर नाणं काढून टाकू. ती नोटीस पोस्टमननं दुकानात दिली. बाबांनी ती वाचली, शेगडीवर राख टाकली, पांढरा सदरा घातला आणि पडद्याशी येऊन आईकडे माझ्यासाठी निरोप दिला, 'अर्चनाले म्हण, वकिलाकडे जायचं हाय.'

वकील आमच्याच ओळीच्या पलीकडे बसायचे. बाबांनी त्यांना उत्तर सांगितलं आणि ते टंकलेखकानं लिहून घेतलं. 'माझी मुलगी अर्चना म्हणते ते सगळं खरं आहे. एकच नाणं पाठवलं होतं. ते बदललेलं आहे हे मला पार्सल आलं त्याच दिवशी आवाजावरून कळलं होतं. कागदावरची सही मी भीतीनं केली.' वकील थांबले. म्हणाले, 'शेठ, भीतीनं नको. दबावाखाली असं लिहू. भीतीनं म्हटलं तर तुमचंच कमी दिसते. गावात वाचतीन लोक.'

'नोको,' बाबा म्हणाले. 'दबाव त्यायचा व्हता. भीती माही व्हती. तेच लिवा.'

त्यांनी सही केली. मुठी उघड्या होत्या, काळी नखं टेबलावर. मी पाच महिन्यांनी तोंड उघडलं. एवढंच म्हटलं, 'चला घरी, भाकर थंडी होईन.' माझा राग तिथं संपला असं कोणी समजू नये. बाबा आता थकलेत, ऐकू कमी येतं, माझ्या हातचा चहा पितात, आणि कधीतरी त्यांना बघताना मला ते आतल्या खोलीतलं पेन आठवतं आणि मी चहाचा कप जरा आपटूनच ठेवते.

नोटिशीचं पुढे काही झालं नाही. बाबांचं उत्तर साइटवर लागलं, लिलाव पूर्ण झाला, नाणं अचलपूरच्याच एका डॉक्टरांनी घेतलं. मी अर्धी रक्कम घेऊन जऊळक्याला गेले. जनाबाईंनी नोटा मोजल्या नाहीत, उशीखाली सरकवल्या. मग विचारलं, 'आन त्या मानसाचं काय झालं?'

'काही नाही.'

'पोलीस?'

'नाही.'

'मंग माफी तं मांगतली असन?'

'नाही, मावशी. काहीच नाही. तो तिथंच बसला हाय. पुढच्या महिन्यात पुन्हा लिलाव हाय त्यायचा.'

जनाबाई उठल्या. दाराच्या चौकटीत उभ्या राहून त्यांनी औरंगाबाद असेल नसेल त्या दिशेला तोंड केलं, आणि साबणीसला अशी एक शिवी दिली की समोरच्या घरातला म्हातारा खाटेवर उठून बसला. ती शिवी मी इथे लिहू शकत नाही. पण वर्षभर मी वकिलांच्या, कंपनीच्या, संग्राहकांच्या भाषेत जे सांगायचा प्रयत्न करत होते ते सगळं तिच्यात होतं. मी त्यांना म्हटलं, 'मावशी, आणखी एक डाव द्या.' त्यांनी दिली.